चार तारांचा एप्रिल

एप्रिल लागला की आमच्या चिखलीच्या घरात सगळ्यांत आधी कळतं ते कपाटातल्या कपबश्यांना. गल्लीच्या तोंडाशी जयंतीची तयारी सुरू होते, माणसाहून उंच पेट्या एकावर एक रचल्या जातात, कोणीतरी त्या चालू करून पाहतो आणि गाणं ऐकू येण्याआधी कपबश्या किणकिणतात. बायको म्हणते, "झालं सुरू." ती खिडकी लावायला उठते. मी म्हणतो, राहू दे. मला त्या गाण्यांतलं फारसं काही कळत नाही, पण त्यांच्या तळाशी जो धिमा, जाड आवाज चालत असतो, त्याची आणि माझी जुनी ओळख आहे.

यंदा त्याच दिवसांत शेजारची स्नेहल पाठीला काळी पिशवी अडकवून आमच्याकडे आली. इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीत घरी आलेली. पिशवीतून तिने गिटार काढली. चार तारांची, लांब मानेची. बेस गिटार.

"काका, बाबा म्हणे तुम्ही हे वाजवायचे?"

"वाजवायचो. एके काळी."

"मंग मले सांगा न. मोबाइलवर पाहून राह्यली मी, पण थे लोकं लय फास्ट वाजवतात."

मी तिला म्हटलं, नखं काप. बोट मानेवरच्या पितळी पट्टीच्या डोक्यावर दाबू नको, पट्टीच्या जरा मागं दाब. आणि हळू वाजव, इतकं हळू की तुझाच तुला कंटाळा आला पाहिजे. ती हो-हो म्हणत चहा पिऊन गेली. ती गेल्यावर वाटलं, एवढ्यावर भागत नाही. हे वाद्य मी ज्या उन्हाळ्यात शिकलो तो उन्हाळा सांगितल्याशिवाय ते सांगून होत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. आम्ही अमडापूरला राहायचो. गावात नामदेवदादांची गायन पार्टी होती. दादा स्वतः गाणी लिहायचे, पेटी वाजवायचे आणि गायचे. त्यांची भाची कमल गायची. लक्ष्मण ढोलकीवर. एकजण बटणांचा बेंजो वाजवायचा, एकजण खंजिरी. आणि मी, सुदाम, दादांच्या मागे झील धरणारा, म्हणजे त्यांची ओळ मागून उचलून धरणारा, आणि मध्येच एखादं गाणं अख्खं माझं म्हणून गाणारा. जयंतीचा हंगाम एका दिवसाचा नसतो. सगळ्या गावांना एकाच दिवशी पार्टी कुठून मिळणार? म्हणून एप्रिलच्या मध्याला सुरू झालेले कार्यक्रम बुद्धपौर्णिमेपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालायचे. शेतं मोकळी, माणसं मोकळी, आणि विहारापुढच्या मैदानात निळ्या पताकांखाली सतरंज्या. त्या दीड महिन्यासाठी आम्ही बाकीचं वर्ष काढायचो.

त्याच्या आदल्या पावसाळ्यात माझा आवाज गेला. एकाएकी नाही गेला. आधी वरचे सूर घासायला लागले, मग गाणं संपल्यावर दोन-दोन दिवस बोलता येईना. अकोल्याला डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठी आल्यात, गाणं बंद. कितीतरी दिवस मी खुणांनीच बोललो. पुढे आवाज परत आला, पण मडक्यात वाळू हलवावी तसा. आजही तसाच आहे. फोनवर लोक विचारतात, सर्दी झाली का?

बावीस-तेवीस वर्षांच्या माणसाला लोक ज्या एका गोष्टीने ओळखतात ती गेली की तो गावात कसा चालतो हे मी शिकलो. लोक चांगले होते. कोणी काही म्हणायचं नाही. म्हणायचं नाही, हेच फार जाणवायचं.

माघात नामदेवदादा आमच्या अंगणात येऊन बाजेवर बसले.

"सुदाम, यंदा येशीन नं पार्टीत?"

"येऊन काय करू दादा? सतरंज्या हातरू?"

"चिखलीले बशीरभाई हाये. रेडिओ दुरुस्तीवाला. थ्याच्यापाशी एक गिटार हाये, जाड्या तारांची. थ्यायच्या ऑर्केस्ट्रात नवी आली, जुनी तशीच पडून हाये. म्हणे हंगामापुरती नेजा. पन वाजवनारं कोनी नाई."

"मले काय येते थे?"

"तुले सूर समजते," दादा म्हणाले. "बाकीचं थो शिकवन."

मी हो म्हटलं ते गिटारच्या ओढीने नव्हे. घरी बसून इतरांना कार्यक्रमाला जाताना पाहणं माझ्याच्याने होणार नव्हतं, म्हणून.

बशीरभाई मूळचे रोहिणखेडचे. चिखलीत त्यांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, चहूकडे उघडे पडलेले रेडिओ, आणि मध्ये पांढरी टोपी घातलेले, चष्मा कपाळावर सरकवलेले बशीरभाई. लग्नसराईत ते ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. मी मोठ्या उमेदीने गेलो होतो, पण पहिल्या दिवशी त्यांनी मला गिटारला हातच लावू दिला नाही. एक मोठा रेडिओ लावला. गाणं चालू होतं.

"काय आइकू येते?"

"गाणं."

"गाणाऱ्याले सोड. थ्याच्या खाली काय चालू हाये?"

मी कान दिला. ढोलक, म्हटलं. व्हायोलिन. ते मान हलवत राहिले. मग त्यांनी रेडिओचं एक बटण धरून पार उलटं फिरवलं. गायकाचा आवाज एकदम घोंगडीखाली गेल्यासारखा झाला, व्हायोलिनं विरली, आणि खालून काहीतरी वर आलं. घूं, घूं, मग जरा थांबून पुन्हा घूं. इतकी वर्षं ते तिथेच होतं. ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलेलं, गायलेलंही, पण त्याला पाय आहेत हे मला माहीत नव्हतं.

"आलं लक्षात?" बशीरभाई म्हणाले. "आता घरी जा. हप्ताभर हेच आइक. हाटेलात, पानठेल्यावर, जिथं रेडिओ लागन तिथं उभा राह्य. मंग ये."

म्हणून शिकणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की वाद्य हातात घेण्याआधी ते ऐकायला शीक. गाण्याचे शब्द आपल्याला ओढून नेतात. त्यांना जाऊ द्यायचं आणि आपण खाली थांबायचं. गाणाऱ्याला हे सर्वांत जड जातं. मला फार जड गेलं. अमडापूरच्या स्टँडवरच्या हॉटेलात मी चहा थंड होईपर्यंत उभा राहायचो, आणि दर वेळी कडवं सुरू झालं की माझं मन गाणाऱ्याच्या मागे पळून जायचं.

गिटार घरी आली तेव्हा माझ्या मायने तिला दाराआडून पाहिलं. "हे तं लाकूडच हाये. वाजत काऊन नाई?" खरंच वाजत नव्हती. विजेची पेटी जोडल्याशिवाय बेसचा आवाज पुस्तकाचं पान उलटल्याएवढाच. पेटी चिखलीत, आणि आमच्या घरात एकच दिवा. बशीरभाईंनी यावर युक्ती सांगितली होती. गिटारचा टोकाचा भाग, जिथे खुंट्या असतात, तो लाकडी दाराला किंवा कपाटाला टेकवायचा. मग सगळं दार वाजतं. आमच्याकडे कपाट नव्हतं, कपड्यांची मोठी लाकडी पेटी होती. मी तिला खुंट्या टेकवून बसायचो. नाहीतर हनुवटी गिटारच्या वरच्या कडेवर ठेवायची. मग तार छेडली की आवाज कानात न येता जबड्यातून येतो, दातांतून, गळ्यातून. पहिल्यांदा तो तसा आला तेव्हा मी हात थांबवून बसलो. गाताना जिथे सूर थरथरायचा, बरोबर तिथेच हा थरथरत होता.

स्नेहलकडे आता कानात घालायची यंत्रं आहेत, तिला याची गरज नाही. तरी मी तिला सांगणार आहे, एकदा हनुवटी टेकवून पाहा.

पुढचं सगळं बोटांचं. उजव्या हाताची दोन बोटं आळीपाळीने चालवायची, माणूस चालतो तशी, एकानंतर दुसरं. एकाच बोटाने वाजवणं सोपं वाटतं, पण ते बोट लवकर थकतं आणि मग ताल लंगडतो. डाव्या हाताला जोर लागतो, पण वाटतो तितका नाही. नवा माणूस तार अशी आवळतो जशी ती पळून जाणार आहे. बशीरभाई माझं मनगट धरून हलवायचे. "सुदाम, कोंबडीचा गळा धरून राह्यला काय बे?" पितळी पट्टीच्या जरा मागे दाबलं की थोड्या जोरात स्वच्छ सूर निघतो, लांब दाबलं की भणभण होते. फोड येतात, फुटतात, त्यावर कातडी जाड होते. फोड आले म्हणून पंधरा दिवस सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून. रोज थोडं वाजवणारा शिकतो, आठवड्याने एकदा पुष्कळ वाजवणारा नुसता दुखावतो.

आणि तार थांबवणं. हे कोणी सांगत नाही. जाड तार छेडली की गुंजत राहते, दुसऱ्या सुरावर जाताना पहिली तशीच गुंजत असेल तर सगळा चिखल होतो. म्हणून जी तार नको तिच्यावर हलकेच बोट ठेवून तिला गप्प करायचं. मला तर वाटतं, अर्धा बेस म्हणजे गप्प करणं. हे मी शिकायला बसलो तेव्हा मलाच कोणीतरी असं बोट ठेवून गप्प केलेलं होतं. त्यामुळे असेल, पण ते मला लवकर आलं.

त्या जुन्या गिटारच्या तारा पार मेलेल्या. घामाने काळ्या पडलेल्या, सूर बसका. नव्या तारा मुंबईहून यायच्या, त्या कधी येतील याचा भरवसा नव्हता. बशीरभाई म्हणाले, उकळून घे. मी तारा सोडवल्या, वेटोळं केलं आणि मायला गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी ठेवायला सांगितलं.

"काय टाकून राह्यला थ्यात?"

"तारा."

मायने गंजात वाकून पाहिलं. शेजारची काकू आली होती, तिला ती म्हणाली, "पाह्य वो बाई, पोरानं आज तारायची भाजी मांडली." दोघी पदराआड हसत होत्या. आजाराच्या महिन्यांत आमच्या घरात कोणी हसलेलं मला आठवत नाही. तारा उकळून, पुसून, उन्हात वाळवून परत चढवल्या तर त्यांतून नाण्यासारखा खणखणीत सूर निघाला. ही युक्ती आजही चालते. पण वाजवून झाल्यावर रोज तारा कोरड्या फडक्याने पुसल्या तर उकळायची वेळ उशिरा येते.

बशीरभाईंची विजेची पेटी आणून तालमीला मी पहिल्यांदा पार्टीबरोबर बसलो तो दिवस वाईट गेला. मला वाटलं होतं, सगळी गाणी मला पाठ आहेत, मग अडचण काय? दादांनी पेटीवर सूर धरला, कमलने उचललं, आणि मी तिची चाल जशीच्या तशी खालच्या तारांवर वाजवायला लागलो. ती वर गेली की मी वर, तिने हरकत घेतली की माझी बोटं हरकत घ्यायची. पहिल्या कडव्यातच ती अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. ती घाबरल्यासारखी माझ्याकडे पाहू लागली.

लक्ष्मणने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. तो माझा लहानपणापासूनचा दोस्त. आवाज गेल्यावर माझ्याशी पहिल्यासारखा बोलणारा तोच एक.

"सुदाम, तू वाजवून नाई राह्यला बे. तू गाऊन राह्यला."

दादा पेटीच्या भात्याकडे पाहत राहिले.

"गाणं कमल गाते," लक्ष्मण म्हणाला. "तू माह्या डाव्या हातासंगं चाल. माहा डावा हात जथी पडन तथी तुही तार पडली पाह्यजे. बाकी काई करू नको."

मी गिटार खाली ठेवून बाहेर गेलो. विहारामागे उंबराचं झाड होतं, तिथे उभा राहिलो. राग लक्ष्मणचा नव्हता. तो खरं बोलला होता. मी त्या चार तारांतून माझा आवाज परत आणायला निघालो होतो, आणि ते होणार नव्हतं. बऱ्याच वेळाने आत आलो, लक्ष्मणच्या डाव्या बाजूला सरकून बसलो आणि त्याच्या डाव्या हाताकडे पाहत राहिलो. त्याचा तळवा ढोलकीच्या मोठ्या तोंडावर पडला की मी एक सूर वाजवायचा. फक्त एक. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तेवढंच केलं. कमल मग अडखळली नाही.

नव्या माणसाने ढोलकीवाल्याशी, हल्लीच्या भाषेत ड्रमरशी, दोस्ती करावी. जेवायलासुद्धा त्याच्याच शेजारी बसावं.

एप्रिल आला. टेम्पोत पेटी, ढोलकी, कर्णे, बेसची विजेची पेटी, आणि गोणपाटात गुंडाळलेली गिटार. ती उन्हात ठेवायची नाही. तापली की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. सावलीतून स्टेजवर आणली की थोडा वेळ तशीच ठेवायची, मग जुळवायची. पहिल्या कार्यक्रमात माझा फोड फुटला आणि तारेला रक्त लागलं. कोणाला कळलं नाही. कार्यक्रम संपल्यावर लोकांचा दादांना आणि कमलला गराडा. एक म्हातारे गृहस्थ माझ्यापाशी आले. मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं मशीन बिघडलं होतं काय? आवाजच नाई आला."

मी बशीरभाईंना हे सांगितलं तर ते इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला. पुढे चार-सहा कार्यक्रमांनी एका गावात मध्येच माझी वायर निघाली. गाणं चालूच होतं, पण दादांनी मान वळवली, लक्ष्मणने वळवली, आणि समोर बसलेल्या बायाही इकडे-तिकडे पाहू लागल्या. काय गेलं ते कोणालाच सांगता आलं नसतं. मी वायर खोचली. सगळे पुन्हा समोर पाहू लागले. त्यावर बशीरभाई म्हणाले, "आता झाला तू बेसवाला. वाजवते तवा कोनी पाह्यत नाई, थांबला की समदे पाह्यतात." ज्याला टाळ्या हव्यात त्याने दुसरं वाद्य घ्यावं, हे मी स्नेहलला सांगेन. ते ऐकूनही ती टिकली तर टिकली.

आता कमलचं सांगतो. तिचं वय अठरा-एकोणीस. तिला आई-बाप नव्हते, दादांकडेच वाढली. आवाज असा की कर्ण्याविना मैदानाच्या टोकाला पोचायचा. एकच दोष, घाबरली की पळायची. गाण्याची गती वाढत जायची, श्वास पुरायचा नाही. लक्ष्मणची ढोलकी तिला लगामासारखी मागे ओढायची. त्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. सासर देऊळगाव राजाच्या बाजूचं. सासरे शाळेत गुरुजी. कडक, कमी बोलणारे. सुपारीच्या वेळी ते दादांना म्हणाले होते, "पोरगी चांगली हाय. पण लग्नानंतर ही पार्टी-बिर्टी नको. गावोगाव फिरणं आमच्यात बसत नाही." दादा मान खाली घालून हो म्हणाले. कमल आत भाकरी थापत होती; तिने ऐकलं. म्हणजे तो तिचा शेवटचा हंगाम. त्यावर कोणी बोलत नव्हतं. माझ्या आवाजावर बोलत नव्हते तसंच. तिचं काय चाललं असेल हे पार्टीत माझ्याइतकं कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही, पण मीही तिच्याशी काही बोललो नाही.

हंगामाच्या शेवटी-शेवटी मेहकरकडच्या एका गावात कार्यक्रम होता, हिवरा आश्रमच्या पुढे. दुपारी टेम्पोतून उतरलो तोच लक्ष्मण पांढराफटक. ऊन लागलं होतं. उलट्या सुरू. त्याला निंबाखाली बाजेवर निजवलं, कांद्याचा रस दिला, ओला पंचा डोक्यावर. गावच्या कंपाउंडरने पाहून सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आज उठायचं नाही. गावात एक भजनातले ढोलकीवाले होते, पण त्यांना आमची गाणी, कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, काहीच माहीत नव्हतं.

आणि त्याच वेळी पाहुणे आले. पांढरं धोतर, काळी टोपी, सोबत दोन नातेवाईक. गुरुजी. जवळच्या गावी त्यांचं काही काम होतं, सून गाते ते एकदा पाहून जावं म्हणून वाट वाकडी करून आले होते. मंडळींनी त्यांना पुढे खुर्ची दिली.

दादांनी आम्हाला मंडपामागे घेतलं. "काय करू? सांगून देऊ काय, मानूस बिमार हाये, आज नाई होत म्हणून?"

दादांनी कमलकडे पाहिलं. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"मी गाईन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सुदामभाऊ, तुम्ही थांबू नका, बस."

सूर्य मावळतीला होता. मैदान भरलं होतं. पहिली दोन गाणी दादांनी घेतली, पेटी, बेंजो आणि खंजिरीवर ती निभावली. मग कमल उभी राहिली. गाणं दादांचंच, शाळेला निघालेल्या पोरीचं. "पाटी दे वो माय मले, भाकर मंग दे." मी ते शंभरदा वाजवलं होतं, पण डोळ्यांपुढे लक्ष्मणचा हात ठेवून. आज तिथे मोकळी सतरंजी होती.

तिने उचललं आणि पहिल्या ओळीपासून पळायला लागली. तिची नजर खुर्चीवर होती. दादांची पेटी तिच्यामागे धावली, खंजिरी पेटीच्या मागे. मलाही वाटलं, जावं. सगळे निघाले की एकट्याने मागे राहणं फार अवघड असतं. पण बशीरभाईंनी एकदा सांगितलेलं होतं, "गाणारा पळाला तं मांगं पळू नको. तू उभा राह्य. थो वापस येते." मी डोळे मिटले आणि लक्ष्मणचा डावा हात आठवत तोच धिमा सूर तितक्याच अंतराने वाजवत राहिलो. थोडा वेळ ते भयंकर होतं. ती एकीकडे, मी एकीकडे. लोक चुळबुळ करू लागले. कोणीतरी खाकरलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं म्हणे, मी पाहत नव्हतो.

मग कडव्याच्या शेवटी तिचा श्वास संपला. ती थांबली, मी डोळे उघडले. त्या थांबण्यात बेस एकटाच वाजत राहिला. एक सूर, आणि मध्ये मोकळी जागा. पुन्हा एक सूर. तिने मान वळवली. गुरुजींकडून नजर काढून माझ्या बोटांकडे पाहिलं. दोन सूर जाऊ दिले, पुरता श्वास घेतला आणि तिसऱ्यावर पाय ठेवून उतरावं तशी गाण्यात आली. पेटी आली. खंजिरी आली. त्यानंतर ती जे गायली ते मी तिच्याकडून आधी ऐकलं नव्हतं आणि नंतर पुष्कळदा ऐकलं. घाई नाही, ओरडणं नाही. आईला पाटी मागणारी पोरगी दारातच उभी असावी आणि पाटी घेतल्याशिवाय हलणार नसावी, असं ते गाणं. समोर बसलेल्या बायांनी शेवटची ओळ तिच्याबरोबर म्हटली.

कार्यक्रमानंतर गुरुजी मंडपामागे आले. कमल बाजूला होऊन पदर सावरत उभी राहिली. ते तिच्याशी बोललेच नाहीत. दादांना म्हणाले, "पुढच्या साली आमच्या गावाला या पार्टी घेऊन. जयंतीला."

दादा म्हणाले, "गुरुजी, गाणारी तं तुम्हीच नेऊन राह्यले."

गुरुजींनी टोपी काढून घाम पुसला. "मग काय झालं?" ते म्हणाले. "गाणारी तिथंच असंल की."

कमल पुढे पुष्कळ वर्षं गायली. सासरच्या गावी तिने बायकांची पार्टी उभी केली. लक्ष्मण ढोलकी वाजवत म्हातारा झाला. बशीरभाई पावसाळा लागला की गिटार परत न्यायचे आणि माघात पुन्हा आणून द्यायचे, असं काही वर्षं चाललं. नंतर माझी नोकरी, बदल्या, आणि ते सुटलं. पण मला त्या हंगामातलं सगळ्यांत जास्त आठवतं ते यापैकी काहीच नाही.

गुरुजी येऊन गेले ती रात्र आम्ही त्याच गावात काढली. लक्ष्मणला तेव्हा हलवता येत नव्हतं. पहाटे टेम्पो निघाला. लक्ष्मण गोणपाटांवर आडवा, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, वर फिकट उजेड. कमल टपावर हात टेकवून उभी होती आणि कालचंच गाणं स्वतःशी म्हणत होती. थोड्या वेळाने लक्ष्मण डोळे न उघडताच म्हणाला, "हे खालून कोन घुमून राह्यलं बे?"

मी चपापलो. तो मीच होतो. माझ्या त्या वाळू भरलेल्या आवाजात, तिच्या सुराच्या पार खाली, मी केव्हापासून गुणगुणत होतो कोण जाणे. वर जायचं नव्हतं म्हणून घासतही नव्हतं. मी गप्प झालो.

कमल मागे वळली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते.

"थांबले काऊन भाऊ?" ती म्हणाली. "धरा न."